हिरामणची लाल गाडी

“तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर माझं नाव बदला,” मी डोंबिवलीच्या पाहुण्याला म्हटलं.

तो रिमोटवर चालणाऱ्या जुन्या गाड्या जमवायचा. हिरामणची गाडी विकत घ्यायला आज कात्रपला आला होता. लाल, हातभर लांब, मागची चाकं काटेरी. ती राजाबाईच्या मांडीवर होती. हिरामण तिचा नवरा, माझा कारखान्यातला सोबती. तो गेल्यावर गाडी तिची. विकायची की ठेवायची हे तीच ठरवणार. पण मोडीतून उठवली मी. अख्खं सत्त्याण्णव साल तिच्यापायी गेलं. ती डोंबिवलीला जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

“आधी तिची दशा ऐका,” मी म्हणालो. “ब्याऐंशी साली हिरामणनं ती उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली. तो गेला आणि गाडी माळ्यावर पडली. सेल फुटून आत हिरवा बुरा. टायरांना भेगा. एका गिअरचे दात गेलेले. उल्हासनगरचा दुकानदार म्हणाला, ‘साईं, इसका पार्ट अब भगवान के पास मिलेगा.’ शेवटी अंबरनाथच्या लेथवाल्याकडून नायलॉनचा गिअर कातून घेतला. चाकं वळवणारी सळई तर चक्क उलट्या बाजूला अडकवलेली होती, तीही सरळ केली. नवे सेल भरले, रिमोट दाबला. गाडी ढिम्म!”

“मग?”

“मग काय, सेल काढले, गाडी खाटेखाली सारली. दिवेलागणीची वेळ, त्यात वीज गेलेली. घरात मी एकटा. आणि खाटेखालून आवाज आला. कानाशी डास यावा तसा बारीक. मोटरचा.”

पाहुणा हसला. “सेल नसताना?”

“तेच तर सांगतोय! वाकून बघायची हिंमत होईना. तेवढ्यात तंबाखू मळल्याचा वास आला. मी तंबाखूला शिवत नाही. हिरामण खायचा, चुना जास्त लावून.”

गाडीवरून फिरणारा राजाबाईचा हात थांबला. “आम्ही भुतं मानत नाही, शिवरामभाऊ,” ती म्हणाली. पण आवाज खाली गेला होता.

“मी तरी कुठे मानत होतो, वहिनी? पण फळीवरच्या रिमोटची काठी हलली. कुणीतरी अंगठा टेकवावा तशी, हळूच. गाडी खाटेखालून बाहेर आली, माझ्या पायाशी क्षणभर थांबली. एरियलची तार थरथरत होती. मग तिनं उंबरा ओलांडला. रस्त्यातली कुत्री एक शब्द न काढता भिंतीला चिकटली. मी रिमोट घेऊन मागे धावलो. गाडी थांबवायला काठी मागे ओढली, तर ती माझ्याशी जोर करायला लागली. पलीकडून कुणी हात धरलाय असं वाटत होतं. गार हात. तुमच्या गल्लीशी काठी उजवीकडे झुकली, गाडी उजवीकडे वळली. काय सफाई! आणि थेट तुमच्या दारात. बंद दाराला नाक लावून उभी राहिली. तुम्ही आत भांडी घासत होतात, वहिनी. तो ऐकत होता. भांड्यांचा आवाज थांबला तशी मोटरही थांबली.”

पाहुण्यानं कप खाली ठेवला. “घरात लहान मुलं आहेत माझ्या,” तो पुटपुटला आणि पिशवी जवळ ओढली.

माझं काम फत्ते. राजाबाईनं पदरानं डोळे टिपले. मग गाडी उलटी करून पुढच्या चाकांकडे बघत बसली.

“काठी उजवीकडे, आणि गाडीपण उजवीकडे?” तिनं विचारलं.

“या डोळ्यांनी पाहिलं, वहिनी.”

“खोटं!” ती एवढ्यानं ओरडली की शेजारीण दारात आली. “साफ खोटं! सळई त्यांनी पहिल्याच दिवशी उलटी लावली होती, आणि मरेपर्यंत तशीच गाडी चालवली. उजवीकडे जायचं तर काठी डावीकडे. हातच तसा बसला होता त्यांचा. तुम्ही सरळ केलेली गाडी त्यांनी चालवली असती तर डावीकडच्या गटारात गेली असती, माझ्या दारात नाही! पाहुणे, चहा संपवा, गाडी विकायची नाही. आणि भाऊ, स्क्रूड्रायव्हर काढा. सळई होती तशी उलटी करा आधी.”