पुठ्ठा

कुंदननं फेकलेला पान्हा ममताच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला. शेडच्या सावलीत झोपलेलं कुत्रं उठून पपईच्या ओळींत पळालं. ममता मात्र हलली नाही. चुकवायला गेलं की पाठोपाठ दुसरी वस्तू येते, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"बारा नंबरना मांगा व्हता मी. हाऊ कितलाना शे?" कुंदन ट्रॅक्टरच्या पोटाखालून ओरडला.

पान्हा चौदाचा होता. बाराच्या खणात चौदाचा त्यानंच काल ठेवला होता, पण हे सांगायचं कुणी आणि कशाला. वड्याचं तेल वांग्यावर काढायचा त्या घरचा रिवाजच होता. ममतानं पेटी धुंडाळून बाराचा पान्हा काढला, साडीच्या काठाला पुसला आणि त्याच्या पसरलेल्या पंज्यात ठेवला. पंजा मोठा होता. काल रात्री हाच पंजा लेकीच्या, स्वप्नालीच्या कानावर बसला होता.

ट्रॅक्टर छोटा, पपईच्या दोन ओळींतून जाईल एवढाच. गुजरातेतून तिसऱ्या हातानं आलेला. वरचा निळा रंग उडून आतला तांबडा दिसायला लागला होता. पावसाळा सरल्यापासून त्याची लिफ्ट दमली होती. मागचा रोटाव्हेटर उचलायला घेतला की अर्ध्यात दम टाकायची, आणि खाली मातीत तेलाचा काळा डाग वाढत जायचा. तेल पडतंय ते दिसत होतं, कुठून पडतंय ते काही दिसत नव्हतं. कुंदननं सील बदलले, नवं तेल ओतलं, नट आवळले, शेवटी लाथाही घालून पाहिल्या. लाथांनी बरी होणारी माणसं त्यानं पाहिली असतील, यंत्र नव्हतं पाहिलं.

तापीकाठच्या त्या पट्ट्यात बिघडलेल्या लिफ्टला एकच नाव घेतलं जायचं, धानोऱ्याचा नवनीत. नवनीत ममताचा थोरला भाऊ. पण या घरात ते नाव काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तीन राख्यांपूर्वी ममताच्या दंडावरचे वळ पाहून नवनीतनं कुंदनला ओट्यावरच विचारलं होतं, आणि तेव्हापासून 'तो थोटा मन्हा दारमा नको' असा हुकूम झाला होता. काल जेवताना स्वप्नाली एवढंच म्हणाली, "पप्पा, मामाले एक फोन करा ना." पुढचा घास तिच्या हातातच राहिला. ती आडवी झाली ती भिंतीपाशी जाऊन, आणि कानातून रक्ताची बारीक धार मानेपर्यंत आली.

दवाखान्यात न्यायचं नाही म्हणून कुंदननं मोटारसायकलची किल्ली खिशात घातली. दगूबाईंनी, त्याच्या आईनं, नातीच्या कानात कोमट तेल आणि कापूस घातला आणि रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. "दोन-तीन दिनमा उघडी जाई कान," एवढं त्या पहाटे म्हणाल्या. मुलाला त्या काहीच बोलल्या नाहीत. आजवर कधीच बोलल्या नव्हत्या. नवऱ्याच्या हातचा मार त्यांनी तोंड दाबून खाल्ला होता, आणि तोच हात मुलाला आला तेव्हा 'बापवर गया' म्हणून पदर तोंडाला लावला होता.

"वर बस. चालू कर आनि लिव्हर वढ," कुंदननं हुकूम सोडला.

ममता सीटवर चढली. इंजिन धडधडायला लागलं. कुंदन बाजूला उकिडवा बसला आणि पंपाकडून मागं जाणाऱ्या लोखंडी पाइपाजवळ त्यानं हात नेला. काय करणार आहे ते तिच्या ध्यानात आलं आणि लिव्हरवरची तिची बोटं सैल झाली.

ठिबकची नळी फुटली की इकडे सगळे असंच करतात. पाणी सोडायचं आणि नळीवरून तळवा फिरवत जायचं. डोळ्याला न दिसणारं भोक बोटाला लगेच सापडतं, थंड सुई लागल्यासारखं. लहान पोरंसुद्धा करतात. पाण्याच्या नळीनं कुणाचं काही बिघडलेलं नाही.

पण नवनीतचा हात तेलाच्या पाइपानं गेला होता. त्यातली चिळकांडी एवढ्या दाबाची, की कातडी भेदून आत शिरते. सुरतेकडच्या एका गॅरेजात, असाच चालू इंजिनच्या पाइपावर त्यानं बोट फिरवलं होतं. पुढं कितीतरी दिवसांनी, डाव्या हाताला एकटा अंगठा उरलेला असताना, तो याच घरच्या ओट्यावर बसून सांगत होता. दगूबाई तेव्हा शेंगा फोडत होत्या.

"दुखनं नही तुले?" दगूबाईंनी विचारलं होतं.

"नही ना, मावशी. तीच तर गंमत शे. मुंगी चावनी असं वाटनं. सांजलोंग काहीच नही. तेल मात्र आतमा चढी गयं व्हतं. डॉक्टर बोलना, तव्हयच येता तर हात वाचता."

तेव्हापासून नवनीत पाइपावर हात कधी फिरवत नसे. खोक्याचा पुठ्ठा फाडायचा आणि तो पाइपाजवळून सरकवत न्यायचा. तेलाची चिळकांडी जिथं असेल तिथं पुठ्ठ्यावर डाग उमटतो, नाहीतर पुठ्ठाच चिरतो.

ममता सीटवरून उतरली. शेडच्या कोपऱ्यात पपईच्या पॅकिंगची खोकी पडली होती. तिनं एक झाकण फाडून आणलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"हात नका लावा. पुठ्ठा फिरवा. भोक सापडी जाई."

कुंदननं आधी पुठ्ठ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. पुठ्ठा कुठून आला, कुणाच्या डोक्यातून आला, हे त्याला तिथंच उमगलं. त्यानं तो तिच्या हातातून ओढला, गुडघ्यावर मोडला आणि तेलाच्या डागात भिरकावला. मग तिच्या वेणीला धरून तिला सीटपर्यंत फरफटत नेलं.

"थोटानी शाळा मन्हा घरमा चालनार नही. बठ. आनि मी सांगू तव्हय वढ."

ती बसली. तिच्या टाळूला आग लागली होती. इंजिनच्या आवाजात त्याचं पुढचं बोलणं बुडून गेलं, फक्त ओठ हलताना दिसत होते. त्यानं डोळे बारीक केले, उजवा हात पाइपावर ठेवला आणि मान वळवून ओरडला, "वढ!"

लिव्हर तिच्या मुठीत होता. एकदा तिला वाटलं, किल्ली फिरवून इंजिन बंद करावं. ते केलं तर आज काय होईल तेही दिसत होतं, आणि घरात स्वप्नाली होती, जी पुन्हा मध्ये पडली असती.

"वढ ना, रांड!"

तिनं लिव्हर ओढला. इंजिननं सूर बदलला, रोटाव्हेटर मातीतून सुटून वर आला, पाइप थरथरला. कुंदनचा तळवा पाइपावरून सावकाश पुढं सरकला आणि मध्येच झटकन मागं आला.

"सापडनं," तो हसत म्हणाला. "दख. लागना का पुठ्ठा?"

त्यानं रोटाव्हेटर खाली घ्यायला लावला, इंजिन बंद केलं, भोकावर खडूनं खूण केली. स्वारी खुशीत होती. खिशातली तंबाखू काढून मळताना त्याला तर्जनी चुरचुरली, म्हणून त्यानं ती उजेडात धरली. टोकावर एक लाल ठिपका होता. रक्तही आलं नव्हतं.

ममता खाली उतरून त्याच्याजवळ गेली.

"दवाखानामा चाला," ती म्हणाली. "आत्तेच चाला. नवनीत भाऊना हात बी असाच..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. त्याच हाताची चपराक तिच्या तोंडावर बसली, दुसरी कानशिलावर, आणि ती पडली तेव्हा त्यानं कमरेत लाथ घातली. ओठ फुटला. सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडलेली बोटं तिनं ओठाला लावली आणि ओठ पेटला. ती मातीत तशीच बसून राहिली. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायला तिच्याकडं तोंड राहिलं नव्हतं.

आवाज ऐकून दगूबाई ओट्यावरून खाली आल्या. पडलेल्या सुनेकडं त्यांनी पाहिलं, मग मुलाकडं.

"पाइपले बांधेल तार टोचनी जराशी," कुंदन बोट पुढं करून हसला, "तर ही माले दवाखानामा धाडी ऱ्हायनी."

दगूबाईंनी त्याचं बोट हातात घेतलं. त्यांनी ते उन्हात धरलं आणि ठिपक्याच्या मागं अंगठ्यानं दाबलं. ठिपक्यातून तेलाचा एक बारीकसा थेंब वर आला. ममतानं तो पाहिला. दगूबाईंनी तो पदरानं टिपला आणि पदर आवळून धरला.

"आई, काय शे?"

"काही नही रे," दगूबाई म्हणाल्या. "तारच शे. भाकर खाय आनि निजी जाय."

कुंदननं आधी फुटका पाइप सोडवून काढला. उद्या सारंगखेड्याला नेऊन जोडून आणायचा त्याचा बेत होता. मग तो जेवला, ओट्यावरच्या खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. दोघी बायका वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथारीवर बसून देठ खुडायला लागल्या. ऊन उतरत होतं. ठसका लागून लागून डोळ्यांना पाणी येत होतं, ते कुणी पुसत नव्हतं. दगूबाई मान वर न करता बोलल्या.

"नवनीतले सांजलोंग काहीच दुखनं नव्हतं. नही का?"

ममताच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"नही, आत्याबाई," ती म्हणाली.

ज्या बाईला तिनं इतकी वर्षं मुलाची बाजू घेणारी म्हणून मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, ती शेजारी बसून एकेक देठ शांतपणे टोपलीत टाकत होती. ममताला तिची भीती वाटली, आणि आपण एकटे नाही असंही वाटलं.

सूर्य पपईच्या शेंड्यांखाली गेला तसा कुंदन कण्हत जागा झाला. आधी त्यानं हात झटकला, मग पाण्याच्या हंड्यात बुडवला, मग हंडाच लाथेनं उलथवला. बोट काळंनिळं पडलं होतं, पंजा सुजून बोटांमधल्या फटी मिटल्या होत्या. थोड्या वेळानं शिव्या थांबल्या आणि नुसतं ओरडणं उरलं. गडी माणसाचं असलं ओरडणं त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. तिथं आजवर बायकाच ओरडत आल्या होत्या, त्याही उशीत तोंड खुपसून. "आई वं," म्हणून तो दगूबाईंना हाक मारत होता.

दगूबाई उठल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता.

"हात गया तर गया," त्या ममताच्या कानाशी म्हणाल्या. "जीव नको जावाले. मन्हा पोऱ्या शे तो. जाय, आते कर नवनीतले फोन."

फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता, स्वप्नालीच्या उशाशी. पोर उजव्या कुशीवर झोपली होती. चांगला कान उशीत, कापसाचा कान वर. बाहेर कुंदननं अशी किंकाळी फोडली की फळीवरची ताटली थरथरली. स्वप्नाली हलली नाही.

ममता फोन उचलता उचलता थांबली.

"सपना," तिनं हाक मारली.

मग जरा मोठ्यानं मारली. मग तिनं वाकून, त्या वरच्या कानाजवळ दोन्ही हातांनी टाळी वाजवली. पोरीची पापणीही लवली नाही. ममतानं खांद्याला नुसतं बोट लावलं, तशी ती दचकून उठून बसली, झोप सावध होती तिची. डोकं उशीवरून उचललं तेव्हा कुठं तिनं दाराकडं पाहिलं.

"माय, कोन वरडी ऱ्हायनं?"

"कोनी नही," ममता म्हणाली. "नीज तू."

तिनं पोरीला पुन्हा त्याच कुशीवर निजवलं. उशी कानाखाली नीट सारली. मग चार्जरची पिन काढून फोन घेतला आणि बाहेर आली. फोन तिनं पदराखाली धरला होता.

दगूबाई दारातच उभ्या होत्या.

"लागना का?"

"रेंज नही शे," ममता म्हणाली.

पपईच्या शेंड्यांवर, गावातल्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा नुकताच लागला होता. दगूबाईंनी त्या दिव्याकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. खाटेवरून पुन्हा हाक आली. ममता पथारीवर जाऊन बसली, टोपली जवळ ओढली आणि उरलेल्या मिरच्यांचे देठ खुडायला लागली.