तुर्दुबेक आजोबांकडचा उन्हाळा

त्या उन्हाळ्यात माझं वजन चार किलोंनी वाढलं. मला विमानतळावर बघून आई म्हणाली होती, "देवाचं काम करायला गेली होतीस की लोणी खायला?"

१९९८ सालची गोष्ट. कोरियातल्या जोन्जूच्या आमच्या विद्यापीठात ख्रिस्ती विद्यार्थ्यांची एक मंडळी होती. दर उन्हाळ्यात ती एक तुकडी परदेशी पाठवायची, सुवार्ता सांगायला आणि मुलांची शिबिरं घ्यायला. त्या वर्षी किर्गिझस्तान ठरलं होतं. आम्ही सात जण होतो. मी एकवीस वर्षांची, तिसऱ्या वर्षाला. चार महिने आमची तयारी चालली होती: दोन मूकनाट्यं, सहा गाणी, फुग्यांचे प्राणी. शिवाय प्रत्येकाने आपली साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते, किर्गिझ भाषेत पाठ करायची होती.

माझी साक्ष चांगउकदादाने निवडली. तो आमचा म्होरक्या, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. "मिर्योंग, तू बाबांबद्दल सांग," तो म्हणाला. "सगळ्यांत ताकदीची साक्ष तुझीच आहे."

बाबा शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी एका थांब्यावर बस नीट उभी केली, ब्रेक ओढला, दारं उघडली आणि स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं. उतारूंना वाटलं, दमले असतील. अंत्यविधीत आत्याने "आयगो, आयगो" म्हणून गळा काढला, तेव्हा चर्चच्या वडील मंडळींपैकी एकाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला गप्प केलं. विश्वासणाऱ्यांनी असं रडायचं नसतं, असं आमच्याकडे मानत. आम्ही उभे राहून गीतं म्हटली. मी सगळी कडवी न चुकता म्हटली. "पोरीचा विश्वास बघा," लोक म्हणाले. मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

कोचकोरच्या पुढच्या एका गावात आम्ही उतरलो ते अयिमकानताईच्या घरी. तिचा नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेलेला. घरी ती, तिची तीन मुलं आणि सासरे तुर्दुबेक. आजोबा एकोणऐंशी वर्षांचे होते. सामुदायिक शेतीच्या काळात ते घोड्यांचे डॉक्टर होते. दुभाषी म्हणून लूबामावशी होती, गावच्या शाळेतली रशियनची बाई. ती कोरियनच, पण तिच्या आईबापांना सोव्हिएत सरकारने त्याच्या साठ वर्षं आधी आगगाडीत कोंबून इकडे आणून टाकलेलं. तिची कोरियन आमच्या पणजीच्या काळातली. आमचं बोलणं ऐकून ती म्हणायची, "काय गं ही तुमची भाषा! निम्मी इंग्रजी, निम्मी घाई."

पहिले आठ दिवस शिबिराला रोज पाच-सहा मुलं यायची, त्यांतली तीन घरचीच. बाकीचं गाव गवत कापण्यात गुंतलं होतं. चांगउकदादा रोज वहीत आकडा लिहायचा आणि वही पटकन मिटायचा.

संध्याकाळी मी अंगणातल्या बाकावर बसून साक्ष घोकायचे. आजोबा शेजारी येऊन बसायचे आणि माझे उच्चार सुधारायचे. त्यात धर्माचा काही प्रश्न नव्हता. चुकीचं बोललेलं त्यांना सोसत नसे, एवढंच. "माझे बाबा वारले. मी रडले नाही. कारण मला आशा आहे." एवढी तीन वाक्यं त्यांनी माझ्याकडून पन्नास वेळा म्हणून घेतली असतील.

सातव्या दिवशी ते लूबामावशीला काहीतरी म्हणाले. ती हसायला लागली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, शब्द आता बरोबर आलेत पोरीचे. पण ही रेडिओवर हवामान सांगतात तसं सांगतेय."

मीही हसले. आजोबा मात्र हसत नव्हते. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. या वेळी मावशीने न हसता सांगितलं, "विचारतात, मग रडलं कोण त्याच्यासाठी?"

"कुणीच नाही. आम्ही गाणी म्हटली."

"कुणीच नाही?"

"नाही."

"हं," आजोबा म्हणाले. मग उठून आत गेले आणि माझ्यासाठी वाडगाभर घोडीचं आंबवलेलं दूध घेऊन आले. ते मला आवडत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी प्यायले. त्यांनी वाडगा उलटा करून बघितला आणि मान डोलावली.

नवव्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते बाकावर बसले, ते उठलेच नाहीत.

तासाभरात अंगणात तंबू उभा राहिला, लोकर दाबून केलेल्या नमद्याचा, गोल. त्यात त्यांना ठेवलं. चांगउकदादाने आम्हाला मागच्या गोठ्यापाशी गोळा केलं. "आपण निघू या. यांच्या घरात दुःख आहे, मुल्ला येतील, पाहुणे येतील. आपली अडचण नको." त्याचं बरोबरच होतं. तो मावशीला घेऊन अयिमकानताईकडे गेला. मागोमाग मीही गेले.

ताईने डोक्याला काळा रुमाल बांधला होता, डोळे सुजले होते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "निघता? कुठे निघता?"

"म्हणजे, तुम्हाला त्रास नको…"

"सात जण आहात. चौदा हात. उद्या इथे दोनशे माणसं जेवणार आहेत, आणि हा म्हणतो निघतो!" तिने कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बोट दाखवलं. "ती गाजरं सोला आधी."

आम्ही गाजरं सोलली. कांदे चिरले. मुली कढईपाशी बसून कणकेचे तुकडे तळत होत्या, पोती भरतील इतके. चांगउकदादाला लाकडं फोडायला दिली. त्याने आयुष्यात कुऱ्हाड धरली नव्हती. शेजारच्या एका म्हातारीने दोन घाव बघितले आणि ओरडली, "अरे, त्याच्याकडून काढून घ्या रे! आज एकच मयत पुरे आहे!" दुःखाच्या घरात सगळ्या बायका हसल्या. अयिमकानताईही हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. तिथे कुणालाच त्यात विचित्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूरदूरचे लोक आले. पुरुष फाटकापासूनच मोठ्याने रडत यायचे, "बाबा, माझे बाबा!" साठी उलटलेले, पोलादी दात बसवलेले, राकट बाप्ये. तंबूच्या बाहेर उभे असलेले पुरुष त्यांना मिठी मारून रडायचे. मग ते डोळे पुसून, हात धुऊन जेवायला बसायचे. आत बायका नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि एकेक जण सुरात विलाप करत होती. आजोबांनी कुठला घोडा वाचवला, कुणाच्या लग्नात काय म्हणाले, सगळं त्यात यायचं.

दुपारी मी आत चहा घेऊन गेले. अयिमकानताईने किटली माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि मला शेजारी बसवलं. ती काहीतरी बोलली. मावशी जवळ नव्हती. मला त्यातला एकच शब्द कळला: बाबा. तिचे की माझे, ते कळलं नाही.

मी नमद्याकडे तोंड केलं. मेंढीच्या लोकरीचा आणि धुराचा वास येत होता. आजोबांसाठी प्रार्थना करावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं. "आयगो, बाबा!" मी कोरियनमध्ये ओरडले. "थांबा ना, मी जेवते तुमच्याबरोबर!"

बाबा गेले त्या सकाळी त्यांनी दोन वाडग्यांत भात वाढला होता. मला पहाटेच्या प्रार्थनेला जायची घाई होती. "आल्यावर जेवू," मी म्हणाले. "बरं," ते म्हणाले. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता ते काळे रुमाल बांधलेल्या अनोळखी बायकांमध्ये बसून, ज्यातलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं अशा भाषेत सांगत होते. किती वेळ, ते आठवत नाही. ताईचा हात पाठीवर होता, एवढं आठवतं. कुणी मला गप्प केलं नाही.

बाहेर आले तेव्हा चांगउकदादा पाटाच्या पाण्यात हात बुडवून बसला होता. कुऱ्हाड त्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती, तळव्यांना फोड आले होते. त्याने सगळं ऐकलं होतं, तंबूच्या भिंती जाड नसतात.

"बाबांसाठी रडलीस?"

"हो. आजोबांसाठीही."

त्याने हात पाण्याबाहेर काढले. मग म्हणाला, "ती साक्ष मीच निवडली होती. मला वाटलं, न रडणं म्हणजे ताकद. चुकलं माझं, मिर्योंग."

तिसऱ्या दिवशी पुरुष आजोबांना टेकडीवर घेऊन गेले. गावच्या वडीलधाऱ्यांनी चांगउकदादालाही बोलावलं, "ये, तूही लाकडं फोडलीस." त्यानेही मूठभर माती टाकली.

मूकनाट्यं झालीच नाहीत. फुगे घरच्या मुलांना दिले. निघायच्या आदल्या संध्याकाळी चहाला चार-पाच शेजारणी आल्या होत्या. तेव्हा ताई म्हणाली, "सासरे रोज सांगायचे, कोरियन पोर बोलायला शिकतेय. काय शिकलीस ते म्हण तरी."

मी उभी राहिले. "माझे बाबा वारले," मी म्हणाले. "मी रडले. पण मला आशा आहे. माझा येशूवर विश्वास आहे."

लूबामावशीने चमकून बघितलं. वाक्य बदललेलं तिच्या लक्षात आलं होतं. बायकांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि "ओमीन", म्हणजे त्यांचं आमेन, म्हणाल्या. मग ताईने माझ्या पुढ्यात आणखी लोणी सरकवलं.

चांगउकदादा पुढे पाळक झाला. त्याच्या चर्चमध्ये अंत्यविधीला कुणी रडलं तर तो गीत थांबवून वाट बघतो, असं ऐकलं आहे. लूबामावशी शेवटी कोरियात आली आणि इथल्या भाषेला नावं ठेवत आनंदात आहे.

त्या ऑगस्टमध्ये घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी आईला तंबूतली गोष्ट सांगितली, भाताच्या वाडग्यांसकट. ती गच्चीवर लाल मिरच्या वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे तू रडतेस?" तिने विचारलं.

"म्हणजे काय?"

"मी रोज सकाळी भाजी आणायला म्हणून जाते ना, ते बाबांच्या बसडेपोच्या मागे जाते. तिथे बसते, रडते, मग भाजी घेऊन येते. तुला कळू दिलं नाही. म्हटलं, पोरीचा एवढा विश्वास आहे, तिला आपल्यामुळे धक्का नको."

"आई, मला वाटायचं, तूच एवढी खंबीर आहेस…"

"मी कसली खंबीर!" ती म्हणाली, आणि मिरचीचेच हात डोळ्यांना लावून बसली. मग दोघींची जी धांदल उडाली, ती विचारू नका. नळाखाली डोळे धरून आम्ही रडत होतो आणि हसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजीची पिशवी घेऊन निघाली, तेव्हा मीही चपला घातल्या.