नव्या पेठेतला गुराखी

सकाळी चहाला हाक मारली तर धोंडीराम ‘व्हय आई’ म्हणायचं सोडून टोपीच्या काठाला नुसतं बोट लावायचा. बजाबाईंना हे मुळीच खपत नव्हतं. पंचविशीचा बाप्या, पण गळ्यात रुमाल बांधून, पाय फाकून असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, मांडीला गळू झालंय. बोलणंही तुटलं होतं. सिनेमाच्या पडद्यावरचे गोरे मुके, तसा हाही मुका.

सगळं आलं ते ईश्वरप्पाच्या तंबूतून. तिथं अमेरिकेतल्या गुराख्यांचे सिनेमे लागायचे. त्यांची जाहिरात धोंडीरामच्या टांग्यातून निघायची. दोन्ही अंगांना रंगवलेले फलक, आत ताशेवाला, आणि बदल्यात फुकटात खेळ.

“गुराखीच न्हवं ते?” बजाबाई म्हणायच्या. “आपल्याकडं गुरं राखणाऱ्याला उंबऱ्याबाहेर भाकरी वाढत्यात. आणि तू त्याची टोपी घालून मिरवतूस.”

एकदा त्या स्वतः बघून आल्या. पडद्यावरचा गोरा गुराखी डोंगर उतरून आला, गुत्त्यात शिरला, चौघांना लोळवलं. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस घसा फोडून ओरडत होता. बजाबाईंचं सगळं ध्यान गुत्त्याबाहेर बांधलेल्या त्याच्या घोड्याकडं. तोंडाला फेस, अंग घामानं निथळतंय. खेळ संपला तरी त्याला कुणी पाणी दाखवलं नाही. “मुडदा बशिवला त्या गुराख्याचा,” म्हणत त्या घरी आल्या आणि आधी चंद्रीपुढं बादली ठेवली.

चंद्री त्यांची घोडी. शिंगरू असताना आई मेली, तेव्हा बजाबाईंनी तिला शेळीच्या दुधावर जगवली. नवरा गेल्यावर तिच्याच जिवावर घर ओढलं. जन्मभर ती टांग्याला जुंपलेली. पाठीवर कधी कुणी बसलं नव्हतं, आणि डोळ्यांच्या बाजूंना चामड्याची झापडं. नव्या पेठेतून ती रोज जायची, पण समोरच्या रस्त्याखेरीज तिनं त्या पेठेतलं काही बघितलं नव्हतं.

नवा सिनेमा आला आणि ईश्वरप्पाच्या डोक्यात खूळ शिरलं. टांगा नको, धोंडीरामनं गुराखी होऊन पेठेतून घोड्यावर यावं.

“बसणारच असलास तर झापडं ऱ्हाऊ देत,” बजाबाईंनी बजावलं. “न्हायतर तिला सगळं येकदम दिसंल.”

“सिनेमातल्या घोड्याला झापडं नसत्यात, आई. लोक हसतील की.”

“हसू देत.”

दुपारी शेजारचा टांगेवाला मल्लप्पा धापा टाकत दारात आला. “अव्वा, चला. चंद्री पडली.”

चालता चालता त्यानं सांगितलं. पेठेच्या तोंडाशी धोंडीरामनं झापडं काढली. ताशा वाजला. डावीकडं वाऱ्यानं फडफडणारी लुगडी, उजवीकडं माणसांचा लोंढा. घोडी भेदरून मागच्या पायांवर उभी राहिली. लोकांना वाटलं, शिकवलेला खेळ आहे. टाळ्या पडल्या. मग धोंडीरामनं टाच मारून तिला पुन्हा तशीच दोन पायांवर उभी केली, आणि मागचा पाय गटारीत गेला.

बजाबाई पोचल्या तेव्हा चंद्री आडवी पडली होती. पायाचं हाड कातडीबाहेर आलेलं. गर्दीतले काही अजून हसत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला आणि मान हलवली. “जोडत नाही, बाई. शिपाई बंदूक घेऊन येतोय.”

बजाबाई रस्त्यातच बसल्या. घोडीचं डोकं मांडीवर घेतलं, पदर तिच्या डोळ्यांवर ओढला. ती फुरफुरली, मग त्यांच्या तळव्यात तोंड खुपसून निपचित पडून राहिली.

“आई, उठंल ती,” धोंडीराम म्हणाला. “सिनेमात घोडी पडत्यात, परत उठत्यात.”

शिपाई आला, तरी बजाबाईंनी हात काढला नाही. मल्लप्पानं त्यांना धरून उठवलं. बार झाला तसा ताशेवाला भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. गर्दी पांगली.

मग त्या लेकाकडं वळल्या. आवाज चढवला नाही.

“पयल्यांदा ती भ्याली, ती तुला अक्कल न्हाय म्हणून. ते मी पोटात घातलं असतं, धोंडीराम. पर ती थरथरतीय हे तुज्या मांडीला कळलं हुतं. आणि तरी टाळीसाठी तू परत टाच मारलीस. पोटचा हायेस, घरात भाकरी मिळंल. पर मी जिती हाय तवर तुज्या हातात जनावर द्यायची न्हाय.”