नळाचा दिवस

आमच्या शहरात आता कोणी कोणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाही. ‘तुमच्याकडे नळ कधी?’ असं विचारतात. लग्नाची तारीख गुरुजींच्या आधी नळाला विचारून ठरते. बारशाचे पाहुणे नळाच्या दुसऱ्या दिवशी बोलावतात, आणि माहेरी गेलेली बाई नळाच्या आदल्या दिवशी मुकाट्यानं परत येते. मला या सगळ्याचा भयंकर राग येतो. रागावून काही उपयोग नाही हे कळतं, तरी येतोच.

कारण मी आणि माझी बायको सावनी, आम्ही दोघं भटके. लग्न ठरलं तेव्हाच आमचं बोलणं झालं होतं, की जे मोटारसायकलवर बांधता येत नाही ते विकत घ्यायचं नाही. ते आम्ही पुष्कळ वर्षं पाळलं. शाळांच्या पोरांसाठी निसर्गशिबिरं घ्यायची, त्यावर भागवायचं, आणि उन्हाळा लागला की तंबू बांधून निघायचं. गौताळ्याचं जंगल, सातमाळ्याची डोंगररांग, मग सातपुडा, कधी राजस्थानची वाळू, कधी कुमाऊँ. परत कधी येणार हे आमचं आम्हालाच माहीत नसायचं. नातेवाईक म्हणायचे, यांच्या पायाला भिंगरी आहे. माझी आत्या तर प्रत्येक दिवाळीला विचारायची, की या वर्षी तरी तुमचा पत्ता शाईनं लिहू का पेन्सिलीनंच?

खरी भटकी सावनीच. मला चढाचा तसा कंटाळा आहे. पण चढ संपला की ती हसते. मोठ्यानं नाही. डोळे मिटते, मान वर करते आणि आपली आपण हसते. तेवढं बघायला मिळावं म्हणून मी धापा टाकत कितीतरी डोंगर चढलोय, हे तिला माहीत नाही.

मग घर आलं. माझे वडील मधुसूदनराव कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले. औरंगपुऱ्यातली आमची भाड्याची जागा पाडून तिथं दुकानं उठली, तेव्हा त्यांनी हर्सूल जेलच्या पलीकडच्या नव्या वसाहतीत एक रो-हाउस घेतलं. आई नव्हती. त्यांना एकटं टाकणं शक्य नव्हतं, म्हणून आम्हीही तिथं गेलो. मी कुरकुरलो, की हे काही मोटारसायकलवर बांधता येणार नाही. सावनी म्हणाली, निदान तलाव जवळ आहे.

पहिल्या हिवाळ्यात तलाव होता. आम्ही पहाटे दुर्बीण घेऊन जायचो, चक्रवाकांच्या जोड्या बघायचो आणि येताना वडिलांसाठी इम्रती आणायचो. मग दुष्काळ पडला आणि लागून दुसराही पडला. हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या, त्यात पोरं क्रिकेट खेळू लागली. आमची शिबिरं व्हायची त्या माळावर प्लॉट पडले. ज्या कडुलिंबाखाली तंबू ठोकायचो तिथं चुन्याच्या रेघा आल्या आणि पुढच्या खेपेला कडुलिंबही नव्हता. पोरांना न्यायचं कुठं आणि दाखवायचं काय? शाळांनी फोन करणं बंद केलं. त्याचं मला नवल वाटलं नाही.

आणि नळ. आम्ही आलो तेव्हा दर तिसऱ्या दिवशी यायचा, मग पाचव्या, मग आठव्या. वेळेचा भरवसा नाही. पाणी आलं की गल्लीत ओरड होते, ‘नळ आले!’, आणि जो तो नळाला मोटार लावून आपापल्या हौदात पाणी ओढतो. तुम्ही थोडा उशीर केलात की शेजारची मोटार तुमच्या वाट्याचं ओढून घेते. त्यात कोणाचा दोष नाही, मीही तेच करतो. वडिलांचे हात कापतात. एकदा ओल्या हातानं मोटार लावायला गेले आणि जिवावर बेतता बेतता वाचले. तेव्हापासून नळाच्या दिवशी आमच्यापैकी एकानं तरी घरात असायचंच असं ठरलं. जाऊन येऊन दोन नळांच्या मध्ये जेवढं बसेल तेवढंच आमचं भटकणं उरलं.

हे सगळं सावनीनं माझ्यापेक्षा शांतपणे घेतलं, कारण तिच्याजवळ तळं होतं. स्पितीमध्ये, हिमालयाच्या पार वरच्या अंगाला, एक चंद्रकोरीच्या आकाराचं तळं आहे. लग्नाच्या आधीपासून ते तिच्या मनात होतं आणि तिनं ते मुद्दाम राखून ठेवलं होतं. लहान मूल ताटातलं श्रीखंड शेवटी खायचं म्हणून बाजूला ठेवतं तसं. कुठलंही तळं बघितलं की म्हणायची, छान आहे, पण ते नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तिचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, गादी झिजली आहे. चढायचं असेल तर या उन्हाळ्यात चढून घ्या, तेही जपून. तोवर जिने नको, धावपळ नको. पुढच्या वर्षी कोणता डोंगर दिसला तर खालून बघायचा. सावनीनं मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली, मग आता तळं.

जूनच्या सुरुवातीला आमचे काही जुने सोबती मनालीहून निघणार होते. आमची तिकिटं काढली. त्या दिवसापासून तिनं गुडघ्याला एखाद्या पाहुण्यासारखं वागवलं. तीळतेल लावायची, पट्टा बांधायची, बाजारात जायचं तर मला पाठवायची. खाली बसून काम करायचं नाही म्हणून भाजी उभ्यानं निवडायची. मला हसू यायचं. पण तिच्याकडे बघून वाटायचं, की एवढं एक जमू दे, मग आम्ही गुमान हौद भरत बसू.

बेत असा होता, की निघायच्या आदल्या आठवड्यात नळ येईल, हौद भरून निघायचं. मधल्या नळाचं शेजारच्या केसरबाईंनी पत्करलं होतं. केसरबाई पाचोडकडच्या. दोन वर्षं पेरणीच नाही, रान काळंच राहिलं, म्हणून लेकाकडे, इंद्रजीतकडे, शहरात आलेल्या. लेक कंपनीत. बाई बोलायला रोखठोक.

“जा की तू बिनघोर,” त्या सावनीला म्हणाल्या. “पर खरं सांगते बाई, आधी माझा हौद भरंल, मंग तुझा. तवर पाणी ऱ्हायलं तर ऱ्हायलं. नाय तर म्हाताऱ्याला मी माझ्या घागरीतलं दील, पर तेवढंच.”

त्याहून अधिक कोण काय देणार? पण तो आदल्या आठवड्यातला नळच आला नाही. पैठण रस्त्याला कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटली, मग वीज गेली, मग धरणातच चर खणून पाणी पंपापर्यंत आणावं लागतंय असं कळलं. आठ दिवसांचे दहा झाले, दहाचे बारा. हौदाचा तळ दिसू लागला. आमच्या सॅका दाराशी भरून ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर धूळ बसत होती. वडील रोज म्हणायचे, तुम्ही जा, माझं मी बघतो, आणि असं म्हणताना त्यांच्या हातातला पेला हिंदकळायचा.

शेवटी मी म्हणालो, तू जा, मी थांबतो. सावनीनं आधी ऐकूनच घेतलं नाही. एकमेकांशिवाय आम्ही कधी गेलो नव्हतो.

“मी वर उभी राहून कोणाला दाखवू?” ती म्हणाली.

“परत येऊन सांग. मी ऐकेन.”

“तू ऐकत नाहीस. तू झोपतोस.”

पण तिच्या मनात जायचंच होतं, आणि तिनं जावं असं मलाही मनापासून वाटत होतं. घरात एक तरी माणूस मोकळं राहिलं तर दुसऱ्यालाही श्वास घेता येतो. मी तिचं तिकीट ठेवलं आणि माझं रद्द केलं.

गाडी दुपारची होती. मी तिला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं, सॅक तिच्या पाठीवर चढवली, गुडघ्याचा पट्टा नीट आहे का बघितलं. गाडीला थोडा उशीर होता. ती म्हणाली, तू थांबू नकोस, टँकरचा नंबर लाव. मी तसाच सिडकोतल्या पाण्याच्या टाकीवर गेलो. तिथं टँकरांची रांग, त्यांचे भोंगे, नंबरासाठी भांडणारी माणसं. एक ड्रायव्हर मला म्हणाला, “भाई, आज का तो भूल जाओ, कल का भी नक्को पूछो.” तरी मी थांबलो. खिशात फोन वाजत होता, तो मला त्या गोंगाटात ऐकू आला नाही.

हात हलवत घरी परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ड्रम, टिपं, पाइप आणि माणसं. रस्ता ओला. मोटारींचा घरघराट. वडील एकटे आणि मोटार, एवढंच डोळ्यांपुढे आलं. गाडी तिथंच टाकून मी पळालो.

वडील ओट्यावर खुर्चीत बसले होते. मला बघून उठायला लागले, पण उठता आलं नाही.

“नळ आला रे,” ते म्हणाले. “तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. म्हणून तिला लावला. मी तिला ये म्हणालो नाही. मी फक्त सांगितलं.”

दोनदा म्हणाले, मी फक्त सांगितलं.

केसरबाई त्यांच्या दारात घागर खाली ठेवून उभ्या होत्या. “पळत आली रं,” त्या म्हणाल्या. “रिक्षा गल्लीत शिरंना, तर तिथून पळत आली. पाठीवरचं बोचकं सुदीक उतरवलं नाय. मी म्हनलं, थांब, माझा झाला की तुझा लावते. ऐकायला तयार नाय.”

मी अंगणात गेलो. सावनी हौदाच्या कठड्यावर बसली होती. सॅक अजून पाठीवरच होती आणि खालून भिजली होती. पट्टा सुटून पोटरीवर घसरला होता. उजवा गुडघा बघवत नव्हता. चार महिने तेल लावून, उभ्यानं भाज्या निवडून जपलेला तो गुडघा तिनं गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत संपवला होता. तिला ते कळलेलं दिसत नव्हतं. एक हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून ती बसली होती.

“भरला,” ती म्हणाली. “काठोकाठ भरला, चिनू. मी आले तेव्हा नुकताच जोर धरला होता.”

मी विचारलं, “गाडी?”

“लागली होती फलाटाला,” ती म्हणाली. आणि मग जणू मी काही विचारलंच नव्हतं अशा आवाजात म्हणाली, “आता आठ दिवस तरी बघायला नको.”

तिनं डोळे मिटले, मान वर केली आणि ती हसली.

ते हसणं मी ओळखलं. सातमाळ्याच्या माथ्यावर, कुमाऊँच्या खिंडीत, बर्फात आणि उन्हात मी तेच बघितलं होतं. त्यात कुठंही खोट नव्हती. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, चिडली असती तर वडिलांची बाजू घेऊन भांडलो असतो. पुढच्या वर्षी बघू, असं खोटं तरी बोललो असतो. पण ती सुखात होती, आणि मला जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

मी तिच्या खांद्यांवरून सॅक उतरवली. नळाला अजून बारीक धार होती, म्हणून धारेखाली बादली लावली.