सोड

"कान पडले," फरहा कुजबुजली.

"सोड," मामू म्हणाले.

तिने दोरी सोडली. बाण गेला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. आवाज झाला तो नंतर. कोणी रिकाम्या डब्यावर थापट मारावी तसा.

समोर जतचा पट्टा होता. बकऱ्यांसाठी लावलेला गुडघाभर उंचीचा हिरवागार चारा. ससा वीस पावलांवर होता, तो कधीच पळाला होता. त्याच्या मागे आणखी दहा पावलांवर चाऱ्यातून नफिसामामी उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत निळी बादली, पोटाशी धरलेली. बादलीच्या अलीकडच्या बाजूला बाणाची पिसं होती. टोक पलीकडून बाहेर आलं होतं आणि मामींच्या कुर्त्यात अडकलं होतं.

मामी ओरडल्या नाहीत. त्यांनी बादली पोटापासून लांब करून बघितली, तर बादलीबरोबर कुर्ताही ताणला गेला. मग त्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"काय झालं?" मामू म्हणाले. "काय झालं गं? बोल ना!"

 फरहाचा कामठा धरलेला डावा हात तसाच समोर राहिला होता, तो खाली कसा घ्यायचा तेच तिला आठवेना.

*

टोक कुर्त्यातून गेलं होतं, बनियनमधून गेलं होतं आणि पोटावर एक लांब ओरखडा काढून थांबलं होतं. मांजराने काढावा तेवढाच. बादली घोळीच्या भाजीने गच्च भरलेली होती, त्या पानांनी बाण धरला. जतमध्ये तण म्हणून घोळ उगवते. या मळ्यात ती कोणी खुडत नाही. मामी म्हसळ्याच्या, त्यांना ती दिसली की राहवत नाही.

"आवाज देऊनच जाते मी रोज," मामी म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "आज एवढी सगळी दिसली, म्हटलं पटकन खुडून घेते."

रहमानमामू आखातात, अल वक्र्याच्या बाहेर, या मळ्यावर बावीस वर्षं राखणदार होते. बकऱ्या, पंप, पिकअप, सगळं त्यांच्याकडे. कोणीतरी पाळून सोडून दिलेले ससे चाऱ्यात माजले, तेव्हा अरबाब, म्हणजे मळ्याचा मालक, म्हणाला होता, मारा, पण बंदूक नको, बकऱ्या बिथरतात. मामू लहानपणी कातकरीवाडीतल्या पोरांबरोबर तीर-कामठा घेऊन हिंडलेले. त्यांनी गावाहून बांबू मागवला. तो पडद्याचा रॉड म्हणून विमानातून आला. सूक वाकिफच्या बाजारात ससाण्यांच्या दुकानात काम करणारा फुजैल झडलेली पिसं पिशवीत भरून आणून द्यायचा. खिळे ठोकून, घासून टोकं केली. आणि बारावीत सरांच्या अंगावर वही फेकून कॉलेज सोडलेल्या भाचीला मामूंनी बोलावून घेतलं.

पहिले दोन महिने बाणच नाही. नुसती दोरी ओढायची, गालापर्यंत आणायची आणि हळूहळू परत न्यायची. मग बसायचं. तास तास. नाकावर माशी बसली तरी बसायचं, ससा कान पाडून निवांत होईपर्यंत. आयुष्यात फरहा इतकी गप्प कधी बसली नव्हती. तिची अम्मी फोनवर म्हणायची, रहमानने पोरीवर दुवा फुंकली की काय.

"मामू म्हणाले, सोड," फरहा म्हणाली. दारातून आत आल्यावर ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी काय मनाने मारलं?"

मामू कपात बघत होते.

"म्हणालो," ते म्हणाले. "सोड म्हणालो. म्हणजे सोडून दे. नफिसा दिसली मला, म्हणून."

"काय?"

"जाऊ दे, नको मारू, असं."

फरहा उठूनच उभी राहिली. "बाण हातात दिल्यापासून चार महिने सोड म्हणजे दोरी सोड! आणि आज सोड म्हणजे सोडून दे? थांब म्हणायचं ना! नको म्हणायचं! शब्द संपले होते काय?"

"आवाज खाली," मामी म्हणाल्या.

"पण मामी, तुम्हीच सांगा..."

"घाईत तोंडात आलं ते आलं त्यांच्या. तुझं ध्यान असतं तर नुसत्या सुरावरून कळलं असतं तुला. तुझं सगळं ध्यान मारण्यात." मामींनी कप खाली ठेवला. त्यांचा हात आपोआप पोटावर गेला. "दोन बोटं, फरहा. दोन बोटं आणखी आत आलं असतं तर? आता एकदा जरी असं काही झालं ना, तर खलास. तिकीट मीच काढीन तुझं."

 मामूंनी कप ठेवायला टेबल चाचपलं.

*

पुढचे आठ दिवस तो शब्द तिच्या मागे लागला. बकरीने ओढणी तोंडात धरली की तिच्या तोंडून "सोड" निघायचं आणि तीच दचकायची. पाण्याचा पाइप धरून ती एकटीच म्हणून बघायची. सोड. सोऽड. एक दोरी सोडण्याचा, एक सोडून देण्याचा. मामू कसं म्हणाले होते? खालच्या आवाजात, सपाट, रोजच्यासारखं. की रोजच्यासारखं नव्हतं? जितक्या वेळा आठवावं तितकं ते पुसट होत गेलं. शेवटी तिला मामींचं पटायला लागलं. सुरात फरक असणारच. आपणच ऐकला नाही. वहीसुद्धा अशीच हातातून सुटली होती.

कामठा तिने खुंटीवरून काढला नाही.

शुक्रवारी सकाळी मामूंनीच तो काढून आणला.

"यल्ला, चल."

"नको मला."

"चल म्हणतो ना. भ्यालीस म्हणून बसलीस तर हात कायमचा भिईल."

ती दोघं नेहमीच्या जागी बसली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. धुकं नुकतंच उठलं होतं. दोरी चढवताना फरहाची बोटं दोनदा घसरली.

"आजपासून नवीन कायदा," मामू म्हणाले. "बाण लावायच्या आधी समोर जे जे आहे ते बोलून दाखवायचं. उजवीकडून सुरू कर. काहीच सोडायचं नाही."

"शाळेत कविता म्हणतात तसं?"

"तसं समज."

तिने दात आवळले. "पंपाची खोली. दार बंद आहे."

"हं. पुढे."

"निळा पाइप. गुंडाळलेला नाही, तसाच पसरलाय."

"दिसतोय. पुढे."

"दोन बकऱ्या, जाळीच्या आत. मग जत. जतमध्ये कोणी नाही. मामी घरात आहेत, खिडकीत ओढणी दिसतेय त्यांची."

"शाबास. कुंपणापर्यंत सांग."

ही शिक्षाच होती. पहिलीतल्या पोरासारखं वाचून घेत होते तिच्याकडून. राग तिच्या कानापर्यंत चढला.

"आणि कुंपणाला टेकून एक पांढरा उंट बसलाय," ती म्हणाली.

या मळ्यात उंट कधीच नव्हता. डोक्यात टपली बसणार म्हणून तिने मान आधीच आत घेतली.

"दिसतोय मला," मामू म्हणाले. "बसू दे त्याला. पुढे?"

फरहाने मान वळवली.

मामू कुंपणाकडे बघत होते. तोंडावर मस्करी नव्हती. डोळे शांत, समोर लावलेले, सगळं नीट दिसत असलेल्या माणसासारखे. कुंपण मोकळं होतं. त्याच्यापलीकडे रेती आणि रस्त्यावरून जाणारा एक टँकर.

कामठा तिच्या मांडीवरून घसरला, तो तिने धरला.  कान पडले, असं रोज ती सांगायची. सोड, असं मग ते म्हणायचे. चार महिने. मामूंना कधी एक कान तरी दिसला होता का? आणि तीस पावलांवर चाऱ्यात खाली वाकलेली बाई?

"काय गं, थांबलीस का?"

"काही नाही."

मागे घराचं दार वाजलं. नफिसामामी पायरीवर आल्या होत्या. ओरडल्या, "येऊ का मी जतमध्ये? आवाज दिलाय बरं का! फरहा, ऐकलंस ना?"

"ऐकलं, मामी!" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही तिथेच थांबा जरा!"

"का? मामूंना विचार, दिसते ना मी त्यांना इथून?"

मामूंनी दाराच्या दिशेला हात वर केला. हात बरोबर दिशेला होता. आवाजाच्या.

फरहाने तोंड उघडलं. एक वाक्य, बस. मामींना ओरडून सांगायचं आणि आठ दिवसांचं ओझं उतरलं असतं. मग अरबाबला कळलं असतं. मग पिकअपची चावी गेली असती, राखण गेली असती, आणि तिकिटं एकाऐवजी तीन निघाली असती.

"दिसता त्यांना!" ती ओरडली. "त्या दिवशीही दिसला होतात! मीच नीट ऐकलं नाही!"

मामूंचा हात खाली आला.  गुडघ्यावर त्यांची बोटं उघडत होती, मिटत होती.

जतच्या कडेला ससा आला होता. पंधरा पावलांवर, जवळ, अगदी निवांत. त्याने दोन्ही कान पाठीवर पाडले आणि खायला सुरुवात केली.

"आहे काय गं काही?" बऱ्याच वेळाने मामूंनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

फरहाने कामठ्याची दोरी उतरवली.

"नाही मामू. आज काहीच नाही."

"मग बसू थोडं."

"बसू," ती म्हणाली.