कुटाराचं पोतं

बावन्न वर्षांचा मानूस. डोक्यावर केस मोजून चाळीस. अन् सकाळी सहा वाजता बनियान काढून आंगनात उभा राहते अन् सोताचेच दंड पाहते. एकदा डावा, एकदा उजवा. सांगा बरं, याले काय म्हनावं? गाव आमच्या ह्यायले रंगराव पैलवान म्हनते. मी काय म्हनते ते सासूच्या फोटोपुढं सांगता येत नाही.

कुस्ती जन्मात खेळले नाहीत. पैलवान कायचे, तर पोत्याचे. आमचं गाव शेलूबाजारहून तीन किलोमीटर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, आमच्या इथं मारुतीच्या पाराभोवती पोतं फिरवतात. ज्वारीचं, भरलेलं, शंभर किलोचं, पाठीवर घेऊन. फेरी पुरी झाली का एक नारळ अन् एक शेला भेटते. एवढ्यासाठी आमच्या मानसानं एकवीस वर्षं पाठ झिजवली. एकवीस नारळायची चटनी खाऊन झाली, अन् शेल्यायनं मी भांडे पुसते.

मागच्या करीले फेरी पुरी केली, नारळ घेतला, घरी आले अन् मोरीजवळ जे बसले ते उठलेच नाहीत. चार दिवस खाटेवर पडून होते. मंग मी अन् आमची पोरगी संस्कृती, दोघीनं बगलेत धरून जीपमंदी घातलं अन् मंगरूळपीरले नेलं. डॉक्टर शहाना मानूस. पाठीचा फोटो उजेडापुढं धरला अन् म्हने, मनक्याची गादी सरकली. आता जपलं तर बरं होईन. पुन्हा सरकली तर डावा पाय कामातून जाईन. चार एकर वावर, दोन बैल, पोरीचं लग्न व्हायचं, अन् हा मानूस जलमभर खाटेवर?

व्यायाम सोडा असं डॉक्टर म्हनलाच नाही. म्हने, वजन उचला, पन वयापरमानं उचला. पंचवीस-तीस किलो बस झालं. आधी अंग गरम करा, सावकाश उचला, सावकाश ठेवा, एक दिवस आड आराम. पंचविशीतलं रुटीन पन्नाशीत चालत नाही. शंभराचं पोतं तर आता विसराच.

ह्यायनं शाळेतल्या पोरावानी मान डोलावली. बाहेर आल्याबरोबर म्हनले, "पंचवीस किलो? मंग बकरीचं पिल्लूच उचलतो ना!"

संस्कृती बिचारी त्यायले शेलूबाजारच्या जिममंदी घेऊन गेली. म्हटलं, तिथं तरी कोनी नीट शिकवन. अर्ध्या तासात वापस. "तिथं पोट्टे आरशात पाहून लोखंड उचलतात," म्हने. "असं कुठं राह्यते का?" अन् हे बोलतानी सोता आंगनात उभे राहून दंड पाहत होते. एवढ्या मोठ्या मानसाले आरसा कोन दाखवन!

होळीच्या आठ दिवस आधी ह्यायनं गोठ्यात ज्वारीचं पोतं भरलं. साठ किलोचं. रोज सकाळी पाठीवर घेऊन विहिरीभोवती पाच फेऱ्या. आराम नाही, अंग गरम करनं नाही, काही नाही. तिसऱ्या फेरीले कन्हनं सुरू, पाचवीले तोंड लाल. मी सांगून पाह्यलं, रडून पाह्यलं. एक दिवस जेवन सोडून पाह्यलं, तर म्हनले, "बरं झालं, तुह्यंही वजन कमी होईन." असा राग आला का काय सांगू! त्याच दिवशी मी दाभन काढलं.

दर आठवडी बाजाराले हे शेलूबाजारले जात. हे गेले का मी अन् संस्कृती गोठ्यात. सुतळी उसवायची, पोत्यातून डब्बाभर ज्वारी काढायची, अन् मधोमध तुरीचं कुटार दाबून भरायचं. कुटार म्हनजे तूर काढल्यावर राह्यलेला भुसा, वजनाले काहीच नाही. भोवताल ज्वारीच ठेवायची, हात लावला तर दाना लागला पाह्यजे. मंग पुन्हा तशीच शिलाई. एका खेपेले दीड किलो, कधी दोन. एकदम काढलं असतं तर बैलाच्याही ध्यानात आलं असतं.

पन ह्यायच्या ध्यानात काय आलं? ताकद वाढून राह्यली! "उज्ज्वला, पाह्य! पोतं मले हलकं लागून राह्यलं," असं म्हनत एक दिवस घरात आले. "डॉक्टर म्हने वय झालं. वय डोक्यात राह्यते, अंगात नाही." पाचाच्या सात फेऱ्या झाल्या. मंग पारावर भाषनं सुरू. पन्नाशीतले सारे पोट सुटलेले बुढे भोवताल बसवायचे अन् सांगायचं, उचलायचं वजन कमी करायचं काम नाही, मी पाहा, आजही साठ उचलतो. मी पोळ्या लाटता लाटता आयकत होती. वा रे साठ!

आषाढ संपेपर्यंत पोत्यात बत्तीस-तेहतीस किलो राह्यलं होतं. अन् खरं सांगते, पाठ सुधारली. सकाळचं वाकून चालनं गेलं, गोळ्या सुटल्या. डॉक्टरनं सांगतलं तेच घडून राह्यलं होतं, फक्त पैलवानाले पत्ता नोता.

हे गुपित माह्या पोटात राह्यलं असतं तर बरं झालं असतं. पन एवढं मोठं हसू एकटीनं किती दिवस दाबायचं? शेजारच्या सोजरबाईले सांगतलं. तुमाले माही शपथ, कोनाले सांगजा नोका, म्हटलं. सोजरबाई हसून हसून ओट्यावर लोळली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेन न्याले म्हनून आली अन् गोठ्याच्या भिंतीआड उभी राह्यली. आठ दिवसांत तिथं पाच बाया. हे छाती काढून पोतं घेऊन निघाले का पाची जनी पदर तोंडात कोंबून खुसखुसत. अन् मीच त्यायले सांगे, "थांबा, आता पाहा, आता दंड पाह्यतीन!" लय मजा येत होती, खोटं कायले बोलू. फेऱ्या झाल्या का हे मले इचारत, "कसं वाटते?" मी म्हने, "वाघ हाये तुमी, वाघ!" भिंतीमांगून खुसखुस आयकू ये.

पोळ्याले बैल धुवून आनले. हे बैलाच्या शिंगाले बेगड लावत होते. लावता लावता म्हनले, "उद्या मी फेरी करतो. नाव देऊन आलो."

मी आरतीचं ताट खाली ठेवलं. "अवो, डॉक्टर काय म्हनला होता?"

"डॉक्टरले काय समजते? सहा महिने झाले साठ किलो घेऊन सात फेऱ्या करतो. शंभराची एक नाही होत का?"

म्हनजे मी ज्या पोत्यानं ह्यायची पाठ वाचवली, त्याच पोत्याच्या भरोशावर हा मानूस ती मोडाले निघाला होता. आता काय इलाज? मी विळा घेतला, गोठ्यात गेली, ह्यायले बलावलं अन् ह्यायच्या डोळ्यापुढं पोतं उभं फाडलं. आधी थोडी ज्वारी सांडली. मंग कुटारच कुटार. गोठाभर उडालं.

मले वाटलं आता मारतात. पन ह्यायनं खाली बसून मूठभर कुटार हातात घेतलं.

"कधीपासून?"

"होळीपासून."

मंग इचारलं, "कोनाकोनाले माहीत हाये?"

आता इथं मी खरं बोलाले पाह्यजे होतं. पन हिंमत झाली नाही. म्हटलं, "मले अन् संस्कृतीले. बस."

ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. कुटार झटकलं. "पाठीसाठी केलं ना तुनं?"

"मंग कायसाठी?"

"बरं," म्हनले. "नाही उचलत उद्या. नाव काढतो." असं म्हनून झाडू घेतला अन् सोताच गोठा झाडाले लागले. मी मनात म्हटलं, चला, एकदाचा सुधरला.

करीच्या दिवशी पारापुढं सारं गाव जमलं. डफडं वाजून राह्यलं होतं. आमी बाया शाळेच्या भिंतीजवळ. दोघा-तिघा पोट्ट्यायच्या फेऱ्या झाल्या. मंग ह्यायचं नाव पुकारलं, तशे हे पुढं होऊन म्हनले, "माह्यं नाव काढा. पाठ दुखते. वय झालं आता."

केवढं मोठं बोलला तो मानूस! सबन गावापुढं. मी एकवीस वर्षांत आयकलं नोतं ते आयकलं. तिथंच संपलं असतं, तर आज मी हे सांगत बसली नसती. पन सोजरबाईचा नवरा रामकिसन पारावर बसला होता. तो तिथूनच वरडला, "काय पैलवान! आज ज्वारीचं हाये म्हनून का? कुटाराचं आनू?"

पार हसला. खाली उभे असलेले हसले. अन् माह्या बाजूच्या पाची बाया, पदर तोंडात घ्यायचंही भान नाही, खदाखदा हसल्या. "आता दंड पाह्यतीन!" एक जनी म्हनली. माहेच शब्द.

ह्यायनं रामकिसनकडं पाह्यलंच नाही. शाळेच्या भिंतीकडं पाह्यलं. बायायकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. समजलं त्यायले. रोज सकाळचं सारं समजलं. शर्टाच्या गुंड्या सोडल्या, शर्ट पाराच्या कठड्यावर ठेवला अन् पोत्याकडं निघाले.

पोतं पाराच्या कडेवर उभं राह्यते. त्याले पाठ लावायची, पोत्याचे दोन्ही कान, म्हनजे वरचे कोपरे, खांद्यावरून धरायचे अन् उठायचं. मंग कोनी हात लावायचा नाही. लावला तर फेरी बाद, अन् ज्याची अशी बाद झाली त्यानं पुन्हा जलमात पोत्यापुढं यायचं नाही. ह्यायनं कान धरले. पाठ ताठ केली. पोतं कडेवरून सुटलं अन् ह्यायचा डावा पाय थरथरला. मले दिसला. गुडघ्यापासून खाली, सारा.

मी पळत सुटली. कोनीतरी "अवं, अवं" केलं. पाराजवळ बाईनं जायचं नसते त्या दिवशी, मी गेली. मांगून दोन्ही हातानं पोत्याले खालून धरलं.

डफडं थांबलं.

"हात काढ," हे म्हनले. मान वळवता येत नोती.

"नाही काढत."

"उज्ज्वला, हात काढ. सारं गाव पाहून राह्यलं."

"पाहू द्या," म्हटलं. "मांगं या. एक पाऊल मांगं या."

सारं वजन माह्या मनगटावर आलं होतं. मंग हे एक पाऊल मांगं आले. पोतं पाराच्या कडेवर टेकलं. ह्यायनं कान सोडले.

लोक आता तर जास्तच हसून राह्यले होते. रामकिसन मांडीवर थापा मारत होता. सोजरबाईचा आवाज सगळ्यायच्या वर होता. ह्यायनं शर्ट उचलला, एक बाही घातली, दुसरी सापडेना. पाय धड होता, दोन्ही पायावर उभे होते. मी बाही धरून दिली.

ती घालता घालता हळूच म्हनले, फक्त मले आयकू येईन असं.

"हास ना आता."