दोनशे चौदा

“मग तुमचा शब्द धरून चालू ना?” मॅनेजरांनी विचारलं.

डेपोच्या फाटकावरची पाटी काढून त्यांच्या केबिनमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. बावीस वर्षं उन्हात राहून अक्षरांचा निळा रंग राखाडी झाला होता. ती पाटी आमच्या पेंटरांनी रंगवलेली. पेंटर म्हणजे माझे यजमान. सगळी बाजारपेठ त्यांना पेंटर म्हणते म्हणून मीही म्हणते, आणि मी बसमधली तिकिटं तपासते म्हणून ते मला चेकर म्हणतात.

“छापील बोर्ड तासाभरात लागतो,” मॅनेजर म्हणाले. “फक्त तुमच्यासाठी थांबलोय. पण त्यांचा हात? झटका येऊन आठच महिने झालेत ना?”

“हात झाला बरा. काल दोनशे चौदा केले त्यांनी.”

“दोनशे चौदा काय?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पेंटरांची उजवी बाजू गेली, पाय दोन महिन्यांत सुधारला, हात मात्र लोंबत राहिला. तेव्हा आमच्या लेकीने तिच्या घरातला व्हिडिओ गेम पाठवून दिला. टीव्हीला जोडायचा. त्याचा रिमोट हातात धरून खरोखरचा चेंडू टाकावा तसा हात मागे न्यायचा, पुढे आणायचा, की पडद्यावर चेंडू घरंगळत जातो आणि समोरच्या दहा बाटल्या पाडतो. हात हलवल्याशिवाय खेळच नाही. जास्तीत जास्त तीनशे होतात. पेंटर तीसपासून निघाले आणि दोनशे चौदावर पोचले. मी हे असं सांगत होते, जशी काही मीच टाकत होते.

“अरे वा,” मॅनेजर म्हणाले. “मग सोमवारी शिडी तयार ठेवतो.”

दारात उभे असलेले दोघे कंडक्टरही ऐकत होते. त्यांच्यादेखत मी शब्द दिला, सोमवारी पेंटर येऊन पाटी रंगवतील.

हे मुद्दाम सांगतेय, कारण तीस वर्षं मी लोकांची लबाडी पकडण्याचा पगार घेतलाय. बसमध्ये पाय ठेवला की मला विनातिकीट माणूस कळतो. तो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. बाहेर बघण्यासारखं काही नसतं, भिंत असते, तरी बघतो. नव्या मुलींना मी हे शिकवते. त्या म्हणतात, मॅडमच्या डोळ्यात मशीन आहे.

खेळ घरी आला तेव्हा पहिला आठवडा नुसती जत्रा होती. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर तर बूट घालून यायचे, हात असा भिरकवायचे की आमचा पंखा वाचला हे नशीब. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी बसायला खुर्ची मागितली. तिसऱ्या आठवड्यात ते यायचेच बंद झाले. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “छे हो, त्यात काही राम नाही.” मी घरी येऊन पेंटरांना म्हणाले, “लोकांना चिकाटीच नाही बघा. तुम्ही मात्र सोडू नका.” पेंटर हसले आणि खिडकीकडे वळले.

ते एकटेच खेळायचे. “तू समोर बसलीस की तपासणी चालू आहे असं वाटतं,” म्हणाले. मला ते पटलं. माझी पहिली पाळी तीनला सुटायची. घरी येईपर्यंत त्यांचा खेळ झालेला असायचा आणि पडद्यावर आकडा तसाच ठेवलेला असायचा. मी चप्पल काढायच्या आधी तो बघायची आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहायची. एकशे बारा. एकशे चाळीस. एकशे एकोणनव्वद.

हाताचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून तीनदा एक मुलगी यायची. फिजिओ. लहान चणीची, पण बोटात जोर होता. एक दिवस तिने पेंटरांचा खांदा दाबून बघितला आणि मला बाजूला घेतलं.

“काकू, खांदा आहे तसाच आहे. काका माझ्यासमोर जोर लावत नाहीत. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात हो. नंतर सुधारणा होते, पण फार हळू.”

मी तिला कॅलेंडर दाखवलं. “हे बघ. तुझ्यासमोर ते बुजतात. एकटे असले की बघ कसे फेकतात.”

“काकू, तो खेळ खांदा बघत नाही. मनगट बघतो. जरा झटका दिला तरी त्याला चालतं.”

मला राग आला. वाटलं, हिला हिचं येणं-जाणं चालू ठेवायचंय. मी म्हणाले, “बाळ, मी तीस वर्षं माणसं वाचतेय. माझ्या घरातला माणूस मला कळत नाही असं वाटतं तुला? उद्यापासून नाही आलीस तरी चालेल.”

तिने तिचे रबरी पट्टे गोळा केले, पिशवीत घातले आणि गेली. पेंटर तिथेच सोफ्यावर बसले होते. सगळं ऐकत होते. हे पुन्हा सांगते, ते तिथेच बसले होते.

तर त्या दिवशी डेपोतून मी तशीच अर्धी रजा टाकून निघाले. वाटेत रंगाच्या दुकानातून निळ्या रंगाचा डबा घेतला, एक चपटा ब्रश घेतला. दुकानदाराने विचारलं, “पेंटर परत लागले कामाला?” मी म्हणाले, “सोमवारपासून.” जिना चढताना मला आमचं लग्न झालं तेव्हासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

किल्लीने दार उघडलं. आतून बाटल्या पडल्याचा आवाज येत होता.

पेंटर सोफ्यावर आडवे झाले होते. पाय स्टुलावर, पोटावर पेपर पसरलेला. डावा हात सोफ्यावरून खाली लोंबत होता आणि त्या हातात रिमोट होता. त्यांची नजर टीव्हीकडेसुद्धा नव्हती, पेपरात होती. पान वाचता वाचता त्यांनी डावं मनगट जरासं झटकलं, माशी हाकलावी तसं. पडद्यावर दहाच्या दहा बाटल्या आडव्या झाल्या आणि टाळ्या वाजल्या. उजवा हात उशीवर ठेवला होता, घरी आलेल्या पाहुण्यासारखा.

“लवकर आलीस,” ते म्हणाले.

“तो कुठला हात?”

ते उठून बसायला लागले. पेपर खाली घसरला.

“मी विचारतेय, रिमोट कुठल्या हातात आहे?”

पेंटर खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे.

मी डबा खाली ठेवला. “कधीपासून?”

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, “पहिले वीस दिवस उजव्याने खेळलो. खरंच. रिमोट हाताला बांधून घ्यायचो. तीस व्हायचे, सतरा व्हायचे. एकदा अकरा. तू यायचीस, बघायचीस, काही न बोलता आत जाऊन लिहायचीस. मग एकदा रिमोट डाव्या हातात होता, बाजूला ठेवणार होतो, तेवढ्यात सहज झटकला गेला. सगळ्या पडल्या. त्या खेळाला काही फरकच कळला नाही ग. त्या दिवशी एकशे बारा झाले. तू आलीस आणि चपलेसकट येऊन मला मिठी मारलीस.”

“म्हणजे चूक माझीच.”

“तसं नाही म्हणत.”

“मग कसं म्हणताय?”

“दुसऱ्या दिवशी परत सतरा कसे दाखवू तुला?” ते म्हणाले. “आणि खरं सांगू, मलाही बरं वाटायचं. आकडा वर चालला होता. आकडा बघून मलाच वाटायचं, हात येतोय.”

मला ओरडायचं होतं. जे तोंडाला आलं ते अगदी हळू आवाजात आलं.

“मी त्या पोरीला तुमच्यासमोर हाकललं. तुम्ही इथेच बसला होतात, याच जागेवर. ती सांगत होती, सहा महिने मोलाचे आहेत. एक शब्द बोलला असतात. ‘थांब’ एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं. मी बाहेर लोकांना सांगत फिरतेय आणि तुम्ही माझे सहा महिने झोपून झटकलेत.”

“माझे,” ते म्हणाले. “माझे सहा महिने.”

“आपले,” मी म्हणाले आणि आत गेले.

स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. पान उलटलं, मागचं उलटलं. सगळीकडे माझंच अक्षर. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. दोनशे करणारा माणूस बटण लावू शकत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं? ते डाव्या हाताने जेवत होते. मी विचारलं तर म्हणायचे, “सवय झाली ग.” मीही पुढे विचारलं नाही. गच्च भरलेल्या बसमध्ये मी कुणाला सोडलं नाही आणि घरातल्या एका माणसाकडे तिकीट मागायचं टाळलं. हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी माझा विश्वासघात केला होता, तो मला इतक्या लवकर वाटून घ्यायचा नव्हता.

रात्री लेकीला फोन केला.

“अगं आई,” ती म्हणाली, “सगळे तसंच खेळतात. आम्हीपण आधी सोफा मागे सारून उड्या मारायचो. तुझ्या जावयाने दिवा फोडला. मग कळलं, बसल्या बसल्या झटकलं तरी तेवढेच मिळतात. महिन्याभरात सगळे लोळून खेळायला लागले, आणि लोळून खेळण्यात काय मजा? धूळ खात पडला होता, म्हणून तर तुमच्याकडे पाठवला.”

“मग हे तेव्हा का नाही सांगितलंस?”

“बाबा हातासाठी खेळत होते ना? ते कशाला झटकतील?”

सोमवारी मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. शिडी बाहेर काढून ठेवली होती, पुसूनसुद्धा ठेवली होती. म्हणाले, “या. पेंटर कुठायत?”

“छापीलच लावा,” मी म्हणाले. “माझा शब्द विनातिकीट निघाला.”

त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. मग माझ्याकडे बघून त्यांनी शिडी आत न्यायला सांगितली. आता फाटकावर चकचकीत बोर्ड आहे. अक्षरं सरळ आहेत, नावं ठेवायला जागा नाही. मी त्याच्याखालून रोज जाते आणि वर बघत नाही.

त्या फिजिओ मुलीला मीच फोन केला. माफी मागितली. तिने ‘बघा, मी म्हटलं होतं’ असं काही म्हटलं नाही, म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आली, पट्टे काढले, पेंटरांचा हात उचलून सगळीकडून फिरवून बघितला. पेंटरांनी ओठ दाबून धरले होते.

“थोडं येईल,” ती जाताना मला म्हणाली. “ब्रश धरण्याइतकं येईल का, ते मी नाही सांगू शकत.”

आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. चहा ठेवलाय. गोळी घेतली का. बटणं मी लावत होते, पण त्यांच्या तोंडाकडे न बघता. रंगाचा डबा मी ठेवला होता तिथेच दारामागे होता. तो कुणी हलवला नाही.

मग परवा मी पाळीवरून आले तर टीव्ही बंद होता. पेंटर सोफ्यावर ताठ बसले होते. समोर स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली होती. ती त्यांनी एका हाताने कशी ओढत आणली असेल, त्याच्या रेघा फरशीवर दिसत होत्या.

“बस,” ते म्हणाले. “समोर बस. तपास.”

मी पर्स न ठेवताच बसले. त्यांनी टीव्ही लावला. रिमोट उजव्या तळव्यात ठेवला आणि पट्टा दातांनी ओढून आवळला. बोटं मिटायला वेळ लागला. मग ते हात मागे न्यायला लागले. खांदा वर आला, मान वाकडी झाली, कपाळावर घाम आला. हात वीतभर मागे गेला आणि पुढे पडला. चेंडू चार पावलं जाऊन कडेच्या खाचेत गेला.

शून्य.

“परत,” ते म्हणाले, मला नाही, स्वतःला.

परत शून्य. मग एक बाटली, तीही आपल्याच विचारात असल्यासारखी उशिरा पडली. पेंटरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत होतं, मी काहीतरी बोलेन. मला बोलायचं होतं. पण मी पडद्याकडे बघतच नव्हते, बाटली पडली ती मी आवाजावरून ओळखली. पहिल्या शून्यापासून माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर होती. तो हात मोकळा होता आणि मी त्याच्यावरून डोळे काढू शकत नव्हते.

पेंटरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डावा हात उचलला, मांडीखाली सारला आणि त्यावर घट्ट बसले. मग उजवा खांदा पुन्हा वर उचलायला लागले.